शिंपला, शिसवी आणि मोजमाप

गिटारच्या मानेवर जी लांब, काळसर लाकडी पट्टी असते, तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. तिच्यावर धातूचे पडदे बसविलेले असतात आणि दोन पडद्यांमधील जागेत शिंपल्याचे ठिपके किंवा वेलबुट्टी जडविलेली असते. हे जडावकाम पूर्वी बारीक करवत, चाकू आणि वर्षानुवर्षांचा सराव यांच्याच बळावर होत असे. आता ते टेबलावर मावणाऱ्या छोट्या सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार कटर फिरविणाऱ्या यंत्रावर, करता येते. यंत्र आले म्हणजे कौशल्याची गरज संपली, असे मात्र नाही. ते कौशल्य आता हाताइतकेच गणितात शोधावे लागते.

प्रथम पडद्यांचा विचार करू. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकवून स्वर जुळविता येतो. गिटारचे पडदे लाकडातील खाचांत पक्के ठोकलेले असतात. खाचच चुकली तर वाद्य बेसूर राहते. इटलीतील संगीतज्ञ विंचेन्झो गॅलिली, म्हणजे शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी १५८१ मध्ये पडद्यांसाठी १८ : १७ हे गुणोत्तर मांडले. प्रत्येक वेळी उरलेल्या तारेच्या अठराव्या भागावर पुढचा पडदा, असा त्याचा अर्थ. आज १८ ऐवजी १७.८१७ ने भागतात. तारेची लांबी ६४८ मि.मी. असेल, तर पहिला पडदा ३६.३७ मि.मी. वर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मि.मी. वर. अठराने भागल्यास हाच बारावा पडदा दोन मि.मी.हून अधिक अलीकडे पडतो.

जडावकामात एकच आकृती दोनदा कापली जाते : एकदा शिंपल्यात, एकदा लाकडात. लाकडातील खोबण तुकड्यापेक्षा केसभर, सुमारे ०.०५ मि.मी., सैल ठेवतात. कटर गोल असल्यामुळे ०.८ मि.मी. व्यासाच्या कटरने खोबणीचा आतील कोपरा कधीच टोकदार होत नाही, तेथे ०.४ मि.मी. त्रिज्येची गोलाई राहते. म्हणून पानाचे टोक आकृतीतच किंचित गोल करावे लागते, नाहीतर चाकूने कोपरा कोरावा लागतो. उरलेली फट लाकडाचा भुसा मिसळलेल्या इपॉक्सीने भरतात. शिंपल्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. त्यामुळे तो पाण्याखाली कापणे आणि मुखपट्टी वापरणे आवश्यक आहे.

सर्वात फसवी बाब म्हणजे पट्टीची गोलाई. ती सपाट नसून सुमारे ३०५ मि.मी. त्रिज्येच्या वर्तुळाचा भाग असते. पट्टी ५२ मि.मी. रुंद असेल, तर तिच्या कडा मध्यापेक्षा १.१ मि.मी. खाली असतात. सपाट पट्टीत दीड मि.मी. जाडीचा शिंपला जडवून नंतर गोलाई घासली, तर मधले ठिपके टिकतात. पण कडेपर्यंत पसरलेली वेल तेथे जेमतेम ०.४ मि.मी. उरते. अशा नक्षीसाठी आधी गोलाई द्यावी आणि मगच त्या वक्रतेनुसार खोबण कोरावी.

या पट्टीसाठी जगभर वापरले जाणारे एक लाकूड म्हणजे सह्याद्रीतही वाढणारा शिसवी. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. असे लाकूड वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक आकृती आधी टाकाऊ फळीवर कापून पाहावी.

वरील १.१ मि.मी. हा आकडा कोणत्याही यंत्राने सांगितलेला नाही. वर्तुळाची त्रिज्या आणि जीवा यांचा शाळेत शिकविला जाणारा संबंध वापरला की तो मिळतो. पडद्यांची अंतरे म्हणजे तर साक्षात भूमितीश्रेढी. पुस्तकी शिक्षण वरचे आणि हातकाम खालचे, असे मानण्याची आपल्या समाजाची जुनी सवय आहे. कार्यशाळेत हा भेद टिकत नाही. यंत्र दिलेली आज्ञा निमूटपणे पाळते. आज्ञा चुकीची असेल, तर चूकही तितक्याच अचूकतेने कोरते. योग्य आज्ञा देण्यासाठी लाकूड ओळखणारा हात आणि गणित जाणणारी बुद्धी एकाच माणसात असावी लागते. आपल्या मुलामुलींना या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाव्यात.