पन्नासच्या खाली

भारनियमन म्हटलं की आपल्याला वेळापत्रक आठवतं. कुठल्या फीडरला दिवसा थ्री फेज, कुठल्या गावाला रात्री. ते माणसं ठरवतात, म्हणून त्यावर मोर्चेही निघतात. सबस्टेशनच्या पॅनेलवरचा अंडर फ्रिक्वेन्सी रिले मात्र कुणालाच विचारत नाही. सेकंदाच्या काही अंशात ब्रेकर उघडतो आणि अख्खा फीडर अंधारात.

रिलेचं लक्ष एकाच आकड्यावर असतं: ५० हर्ट्झ. औष्णिक केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, त्यातून हा आकडा येतो. एखादा मोठा संच अचानक बंद पडला की उरलेल्यांवर बोजा पडतो, फेरे मंदावतात, आकडा घसरतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं, तेव्हापासून ही घसरण सगळ्यांची सामाईक. आकडा फार खाली गेला तर टर्बाइनची पाती कंपनांनी निकामी होऊ नयेत म्हणून संच ग्रिड सोडून देतात, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. ती वेळ येऊ नये म्हणून ४९.४, ४९.२, ४९, ४८.८ असे टप्पे लावून फीडर एकेक करून कापायचे. डीएफ-डीटी नावाचा रिले आकड्याची वाट न पाहता घसरणीचा वेगच मोजतो.

३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर भारताचं ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेलं. ६० कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. पश्चिमेचं ग्रिड टिकलं. या रिलेंकडून अपेक्षित भार कमी झालाच नाही, असं चौकशीत पुढे आलं.

रिले काही फार महागाचं उपकरण नाही. खरं दुखणं कुठले फीडर कापायचे, त्या यादीचं. दवाखाने, पाणीपुरवठा, रेल्वे वगळायची हे बरोबरच. पण पुढे वजनदार मंडळींचे फीडरही हळूच गळतात, आणि यादीत उरतो तो वेळापत्रकानुसार आधीच बंद असलेला फीडर. तो कापून हाती काय लागणार? कागदावर मेगावॅट भरतात, एवढंच.

आता छतांवरच्या सोलरने नवीन पेच घातलाय. संध्याकाळी ओझं असलेला फीडर भर दुपारी उलट ग्रिडलाच वीज पाठवत असतो. रिलेने तो कापला, तर तूट आणखी वाढते. म्हणून ब्रेकर उघडण्याआधी वीज कुठल्या दिशेने वाहतेय, हेही रिलेला कळायला हवं. जुन्या पॅनेलांवर ती सोय नाही.