'भाडेकरू' या शब्दाची कक्षा : ठाणे-कल्याण परिसरातील घरमालकाची कर्तव्ये

शीत हवामानाच्या देशांत भाड्याच्या घराविषयीचा कायदा उष्णतेची दखल अगत्याने घेतो. इंग्लंडमधील 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचे कलम 11 सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यांना लागू आहे. खोल्या उबदार ठेवण्याची व पाणी तापविण्याची साधने चालू स्थितीत राखणे हे त्याने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. न्यूयॉर्क शहरात तर हे कर्तव्य अंशांत मोजलेले आहे. 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात दिवसा बाहेरचे तापमान 55 अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, की घरात किमान 68 अंश राखावे लागतात; रात्री बाहेर काहीही असो, 62 अंश राखावेच लागतात.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यास लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्ये उष्णतेचा उल्लेख नाही आणि त्याचे कोणास नवलही वाटणार नाही. येथे घराची परीक्षा पौषात होत नाही. ती आषाढात होते. छपराची गळती, भिंतीतील ओल, जिन्यातील अंधार आणि नळाचे पाणी हे येथील प्रश्न होत. तथापि मालकाचे कर्तव्य कोठे सुरू होते व कोठे संपते, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे एकच आहे; आणि ठाणे-कल्याणात त्याचे उत्तर पुष्कळ अंशी एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहते.

अधिनियमाच्या कलम 29 नुसार मालकाने, रास्त व पुरेसे कारण असल्याखेरीज, भाडेकरू उपभोगीत असलेला अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा तोडता अथवा रोखून धरता कामा नये. अशा पुरवठ्यात पाणी, वीज, बोळातील व जिन्यावरील दिवे, उद्वाहन आणि स्वच्छता-मलवहन यांचा समावेश होतो. ही यादी 1947 च्या मुंबई भाडे कायद्यातून आलेली आहे. येथे क्रियापदाकडे लक्ष द्यावे. 'अत्यावश्यक पुरवठा म्हणजे अमुक' असे म्हटले असते, तर यादी बंद झाली असती. 'समावेश होतो' या शब्दांनी ती उघडी राहते, आणि यादीत नसलेल्या एखाद्या सोयीसाठीही युक्तिवाद करण्यास जागा उरते. उलट 'उपभोगीत असलेला' हे विशेषण तीच कक्षा आवळते. जे मुळात मिळत होते त्याचेच हे कलम रक्षण करते. नवे काही देण्यास ते मालकास भाग पाडीत नाही. न्यूयॉर्कचा नियम 'राखावे' असे सांगतो, तर येथील कलम 'तोडू नये' एवढेच सांगते. मात्र त्याच्या स्पष्टीकरणात एक उपयुक्त भर आहे : मालकाच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे नगरपालिकेने पुरवठा तोडला, तर तोही मालकानेच रोखला असे धरले जाते. पाणीपट्टी थकविणाऱ्या चाळमालकास महापालिकेकडे बोट दाखवून सुटता येत नाही ते यामुळे.

विधायक कर्तव्य सापडते ते कलम 14 मध्ये. जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूंनी ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. हा उपाय कागदावर सोपा दिसतो. पण एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये, अशी मर्यादा आहे. वीस खोल्यांची चाळ व दरखोली मासिक भाडे 100 रुपये असे गृहीत धरले, तर सर्वांचे वार्षिक भाडे 24,000 रुपये होते आणि वळती करता येणारी रक्कम 6,000. एवढ्यात चाळीचे छप्पर शाकारता येत नाही. नियंत्रित भाडे अपुरे असल्याची तक्रार मालक करतो ती निराधार नाही. पण त्या तक्रारीने गळती थांबत नाही, हेही तितकेच खरे.

मुंबई बेटावरील उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. ठाणे व कल्याण त्याच्या कक्षेबाहेर आहेत. तेथील पागडीच्या खोलीत राहणाऱ्यास मालकाकडेच पाहावे लागते. 2015 च्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत ठाकुर्ली आणि ठाण्यातील नौपाडा येथे जुन्या इमारती कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासून घेण्याचे कर्तव्य महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ ने 'मालक किंवा भोगवटादार' यांच्यावर टाकले आहे. या 'किंवा'चा आधार घेऊन दोन्ही पक्ष एकमेकांची वाट पाहत बसतात. घर सोडले तर हक्कही गेला, या भीतीने धोकादायक ठरलेल्या इमारतीतही माणसे राहतात.

आता मूळ शब्दाकडे वळू. 'भाडे' हे संस्कृत 'भाटक' या शब्दावरून आले. 'भाडेकरू' हा 'यात्रेकरू'च्या घडणीचा. जुन्या पिढीच्या बोलण्यात याच अर्थी 'बिऱ्हाडकरू' हा शब्द होता. त्यात पैशापेक्षा वास्तव्यावर भर आहे. बोलभाषेत जो दरमहा पैसे देऊन परक्याच्या घरात राहतो तो भाडेकरू. मग तो कल्याणच्या वाड्यात तीन पिढ्या राहणारा असो, की डोंबिवलीच्या सदनिकेत अकरा महिन्यांसाठी आलेला असो. कायद्याच्या दृष्टीने मात्र यातील दुसरा बहुधा अनुज्ञप्तिधारक ठरतो, व्यवहारातील भाषेत 'लिव्ह अँड लायसेन्स'वाला. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे अनुज्ञप्तीने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. 1 फेब्रुवारी 1973 रोजी अनुज्ञप्ती चालू असलेल्यांना जुन्या कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरू मानले. त्यानंतरच्यांना ते छत्र मिळाले नाही. कलमे 14 व 29 'भाडेकरू' या शब्दाभोवती बांधलेली असल्यामुळे, ज्यास सारा शेजार भाडेकरू म्हणतो त्यासच त्यांचा आश्रय सहसा मिळत नाही.

अशा सदनिकेत उष्णतेचे एक साधन मात्र असते : गिझर. करारास जोडलेल्या वस्तूंच्या यादीत पंखे व दिवे यांच्याबरोबर त्याची नोंद होते. तो बिघडल्यास खर्च कोणी करावयाचा, याचे उत्तर अधिनियमात नाही. ते करारातच शोधावे लागते. 'किरकोळ दुरुस्ती राहणाराने करावी' असे वाक्य या करारांत वारंवार आढळते, पण 'किरकोळ' कशास म्हणावे हे क्वचितच लिहिलेले असते. नळाचे वायसर किरकोळ, यावर वाद होणार नाही. गिझरची जळालेली कॉइल किरकोळ की नाही, यावर होतो. रकमेची मर्यादा आकड्यात लिहिली, तर हा वाद उद्भवतच नाही.

आणि करारच नोंदलेला नसेल तर? कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसल्यास अटींविषयी 'भाडेकरू'चे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. विशेष असे, की जागा अनुज्ञप्तीने दिलेली असो वा भाड्याने, या उपकलमात राहणाऱ्यास भाडेकरू असेच संबोधले आहे. अन्यत्र काटेकोरपणे पाळलेला भेद कायद्याने येथे बाजूस ठेवला, आणि त्या एका वाक्यापुरती त्याची भाषा डोंबिवलीच्या जिन्यावरील भाषेशी जुळली.