पासपोर्ट भारतीय, कार्ड जर्मन

यवतमाळ, पुसद, वणीहून जर्मनीला शिकायला निघालाय? मग आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नोंदणी नाही. तिशीच्या आत असाल तर सार्वजनिक विम्यात विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर मिळतो. त्या कार्डाची मागची बाजू बघा, तेच तुमचं युरोपियन कार्ड! सुट्टीत प्रागला फिरताना ताप भरला, तर तिथल्या डॉक्टरला हेच दाखवायचं. पण डेन्मार्क, नॉर्वे, स्वित्झर्लंडमध्ये भारतीय पासपोर्टवाल्यांना ते सहसा चालत नाही. तिकडे जाताना वेगळा प्रवास विमा काढा. आणि स्वस्त दिसला म्हणून सुरुवातीलाच खासगी विमा घेताय? जरा थांबा. सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली, की शिक्षण संपेपर्यंत परतीचा रस्ता बंद. सही करण्याआधी हे घरच्यांनाही सांगा.