पाचवं सीट

बुधवार, 6 एप्रिल 2022. सकाळचे सव्वानऊ वाजलेत आणि परभणीच्या गंगाखेड रोडवरच्या पंपावर दुचाकींची रांग पार रस्त्यापर्यंत आली आहे. पंपावरचा पोरगा प्रत्येकाला "झिरो बघा" म्हणतो. झिरो कुणी बघत नाही, दराचा आकडा बघतात. पेट्रोल 123 च्या घरात गेलंय. माझ्यापुढचा धोतरवाला म्हातारा शंभराची नोट पुढे करतो, आणि पोरगा न विचारता म्हणतो, "लीटर नाही येत आता त्यात, काका."

दर रोज सकाळी सहाला ठरतो. 22 मार्चपासूनच्या सोळा दिवसांत तो चौदा वेळा चढला, लीटरमागे दहा रुपयांनी. पाडव्यालाही ऐंशी पैसे चढलेच. त्याआधी साडेचार महिने तो जागचा हलला नव्हता. पाच राज्यांत मतदान होतं, त्यामुळे युक्रेनवर रणगाडे गेले तरी पंपावर शांतता होती. परभणीला या चढउताराचं कौतुक राहिलेलं नाही. इथं तेल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरनं तीनेकशे किलोमीटर येतं, आणि ते भाडं दरातच बसतं. म्हणून मुंबईपेक्षा व्हॅट एक टक्का कमी असूनही मुंबईत आज 120 रुपये 51 पैसे आणि इथं त्याहून जास्त. गेल्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलनं शंभरी गाठली तेव्हा मोठ्या बातम्या झाल्या. परभणीनं ती त्याआधीच ओलांडली होती.

"चला, बसा," सर हाक मारतात. डिझेलवरची जुनी डिझायर, हजाराचं डिझेल टाकलंय, दहा लीटरही भरत नाही. पुढे मॅडम, मागे खिडकीला दोघं गुरुजी, मधे मी. माझी जागा खरं तर तिसऱ्या एका गुरुजींची. ते आज रजेवर आहेत. ही सगळी मंडळी परभणीत राहतात आणि गंगाखेड तालुक्यातल्या वेगवेगळ्या शाळांवर शिकवतात. मराठवाड्यात याला अपडाऊन म्हणतात. चाळीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं.

कागदोपत्री मात्र यांच्यातला कुणीच अपडाऊन करत नाही. शिक्षकानं मुख्यालयी राहायचं, तरच घरभाडं, असा नियम आहे. त्यामुळे डिझेल वाढलं तरी बोंब मारायची सोय नाही; जो प्रवास होतच नाही, त्याचा खर्च कसा वाढेल? मला तर वाटतं, सरकारलाही हे सोयीचंच आहे.

एसटी नाही. संप नोव्हेंबरपासून चाललाय. पॅसेंजरची वेळ शाळेशी जुळत नाही. उरते काळीपिवळी, आणि तिच्यात किती माणसं कोंबतात ते सांगण्यात अर्थ नाही.

सिंगणापूर मागे पडतं. सर हिशेब मांडतात, आणि तो मांडायला त्यांना कागद लागत नाही. रोजचे ऐंशी किलोमीटर, गाडी वीसचं ॲव्हरेज देते, म्हणजे चार लीटर. महिन्याचे चोवीस दिवस. दहा रुपये वाढले म्हणजे महिन्याला साडेनऊशेच्या वर गेले. "पाचात वाटले तर दोनशेच्या आत. म्हणून या महिन्यापासून अठराशेचे दोन हजार."

"रजेच्या दिवसाचेही?" मॅडम विचारतात.

"गाडी तर जातीच की, मॅडम."

"मग यंदा एप्रिलभर पूर्ण शाळा आहे, ते बरंच झालं म्हणायचं," मागून एक गुरुजी म्हणतात, आणि सगळे हसतात; मॅडम नाही.

डाव्या खिडकीतले गुरुजी तरुण आहेत. पाडव्याला ते नवी गाडी घेणार होते. घेतली नाही. "घेऊ काय? पेट्रोलची घेतली तर एकट्याचा पगार टाकीत जाईल." डिझेल घ्यायचं तर मारुतीनं दोन वर्षांपूर्वीच डिझेल बंद केलं. दहा वर्षांमागे पेट्रोल आणि डिझेलमध्ये पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं, तेव्हा ज्यानं त्यानं डिझेल घेतलं. आता ते अंतर बरंच कमी झालंय. सीएनजी?

"भरायला कुठं जाता, गुरुजी? पुण्याला?"

इलेक्ट्रिकचं नाव निघताच दुसरे गुरुजी मोबाइल पुढे धरतात. पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर धूर सोडत पेटते, तो व्हिडिओ. दहा दिवसांपूर्वीचा आहे, सगळ्यांनी पाहिलेला आहे, तरी सगळे पुन्हा बघतात. तरुण गुरुजी म्हणतात, "तोपर्यंत बसतो इथंच." गाडीची निवड अशी होते. माणसं गाडी बदलत नाहीत, आहे त्या गाडीत दाटीनं बसतात.

पोखर्णीच्या फाट्यावर पाठीला बॅग लावलेला एक जण हात करतो. सर गाडी कडेला घेतात. आरोग्य विभागात कंत्राटी आहे, गंगाखेडला कामाला जातो. आजवर मोटारसायकलनं जायचा, परभणीहून, रोज.

"सर, ऐकलं की तुमच्या गाडीत जागा होणार आहे म्हणून."

"कोण म्हणलं?"

"गुरुजींची बदली होणार म्हणत्यात."

रजेवरच्या गुरुजींची बदली गाडीतल्या कुणालाच माहीत नाही. पण हा पोरगा चोख आहे. त्याची मोटारसायकल लीटरला पन्नास देते, म्हणजे रोज दोनशेच्या आसपासचं पेट्रोल, महिन्याचे पावणेपाच हजार. मोटारगाडीतलं सीट दोन हजारात. दोन चाकांवरचा माणूस चार चाकांतल्या माणसाच्या दुपटीहून जास्त मोजतोय, आणि त्याचा पगार इथल्या सगळ्यांत कमी आहे. आज तर तो पोखर्णीपर्यंतच गाडी आणून नातेवाइकाकडे लावून आलाय.

"पहिल्या महिन्याचे आगाऊ देतो," तो म्हणतो.

सर आरशातून मागे बघतात. मागे आम्ही तिघं आहोत आणि तो चौथा.

"आजच्यापुरतं बसा. अंग चोरून," सर म्हणतात. मग मला, "तुम्ही जरा पुढं सरका. आणि आगाऊ नको हो. अगोदर गुरुजींना फोन लावू द्या."

फोन लागत नाही. दैठणा येईस्तोवर मॅडमनी नव्या माणसाला विचारून घेतलंय की तो सकाळी वेळेवर खाली येतो की हॉर्न वाजवावा लागतो.