तेजोमहालय-वाद

आग्र्याचा ताजमहाल मूळचा शिवमंदिर-प्रासाद असून इतिहासकारांनी हे सत्य दडविले, असे प्रतिपादन पु. ना. ओक (१९१७–२००७) यांनी केले. राजा मानसिंहाची वास्तू शाहजहानने घेतली, हा ‘बादशाहनाम्या’तील उल्लेख त्यांचा मुख्य आधार. तथापि त्याच ग्रंथात नवा पाया पाण्यापर्यंत खणल्याचे वर्णन येते. मकराण्याचा संगमरवर मागविणाऱ्या फर्मानांकडे लक्ष वेधले असता, तो केवळ कुराणवचने जडविण्यासाठी होता, असे प्रत्युत्तर ओकांनी दिले. जागेच्या मोबदल्यात जयसिंहास चार हवेल्या दिल्याचे १६३३ चे फर्मान मात्र उपलब्ध आहे. दरबाराने जे उघडपणे नोंदविले, ते दडविले असे म्हणता येत नाही. दरवाजाच्या लाकडाच्या कार्बन-१४ मापनाचाही आधार घेतला गेला, परंतु त्यावरून लाकडाचा काळ कळतो, इमारतीचा नव्हे. ओकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये फेटाळली.