लेंडीखताचा करार

घोडबंदर रोडवर ओवळा, कासारवडवलीच्या टॉवरांखाली कधीकाळी भातखाचरं होती. कोकणात अशा खाचरांवर देशावरचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून येतात. कापणी झालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या. लेंडीखत शेतकऱ्याला, धान्य किंवा पैसे धनगराला. (होय, लेंडीला भाव होता!) पावसाआधी परत देशावर, कारण कोकणातल्या ओलीत दख्खनी मेंढीची खुरं कुजतात.

मग युरियाचं पोतं आलं. जिथे पाणी पोचलं तिथे दुसरं पीक उभं राहिलं, गायरानं आक्रसली, जंगलात चराईबंदी. उरलेल्या चिंचोळ्या वाटेवरून जाणारा कळप एखाद्या रात्री वालाच्या शेतात शिरतो आणि कालचा पाहुणा चोर ठरतो. आफ्रिकेतल्या साहेलमध्येही वाटा अशाच आटल्या. फक्त तिथे काठीच्या जागी बंदूक आहे.