बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास आणि रहिवाशांचा सहभाग

सार्वजनिक गृहवसाहतीच्या पुनर्विकासात रहिवाशांचे मत घेणे हा शिष्टाचाराचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. या दृष्टीने मुंबईतील बी. डी. डी. चाळींचे उदाहरण अभ्यसनीय ठरते.

१९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे एकूण २०७ चाळी उभारल्या. १६० चौरस फुटांची खोली व सामाईक शौचालये हे त्यांचे स्वरूप. शिवडीची जमीन बंदर प्राधिकरणाची असल्याने उर्वरित तीन वसाहतींचा पुनर्विकास म्हाडाकडे सोपविण्यात आला व २०१७ मध्ये भूमिपूजन झाले. पात्र रहिवाशास ५०० चौरस फुटांची सदनिका मालकी हक्काने देण्याचे ठरले.

खाजगी इमारतींच्या पुनर्विकासात रहिवाशांची संमती आवश्यक असते. येथे मात्र शासनच मालक असल्याने ती अट ठेवण्यात आली नाही. परिणामी रहिवाशांचा आवाज संमतीऐवजी विरोधातून व्यक्त झाला. पात्रतेच्या सर्वेक्षणास त्यांनी हरकत घेतली. खोली रिकामी करण्यापूर्वी नोंदणीकृत करार मिळावा, अशी मागणी केली. ही मागणी अडवणुकीची नव्हती. भाडेकरूकडे ताबा हेच एकमेव बळ असते. ते सोडताना लेखी हमी मागणे स्वाभाविक होय.

वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. सारांश, आराखडा निश्चित होण्यापूर्वीच चर्चा व करार झाल्यास सहभाग अर्थपूर्ण ठरतो. त्यानंतर उरते ती केवळ तक्रार.